कासियानाला झोप लागावी म्हणून

बारा माणसं घडवायला मला तीन रविवार लागले. रविवारी चर्चमधून आल्यावर काम करायचं नाही असा माझा नेम. पण सोमवार ते शनिवार सकाळी औषधांचं दुकान आणि दुपारी विद्यापीठ, त्यामुळे दुसरा दिवसच उरत नव्हता. देवाची क्षमा मागायची आणि वही उघडायची.

मी तेव्हा एकोणचाळीस वर्षांची होते आणि कॉग्निटिव्ह सायन्सच्या एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. माणूस लक्ष कसं देतो, आठवतो कसं, विसरतो कसं, याचं हे शास्त्र. थोडं मानसशास्त्र, थोडा मेंदू, थोडं गणित आणि पुष्कळसा संगणक. वर्गात बाकीची सगळी बावीस-तेवीसची. सिंझियाना नावाची मुलगी माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. ती मला पहिल्या दिवशी "मॅडम" म्हणाली, दुसऱ्या दिवशी "डोराताई", आणि मग तेच नाव पडलं. नाव माझं मिनोडोरा. आमचे प्राध्यापक कोर्नेल माझ्याहून चारच वर्षांनी मोठे. मला अगं-तुगं करायला त्यांना जड जाई, म्हणून ते "डोराबाई" म्हणत.

मला या वाटेला लावलं दुकानाच्या काउंटरने. म्हाताऱ्या बायका येतात, गोळीचं नाव तीनदा विचारतात, दारापर्यंत जातात आणि परत येतात. पण "ही तीच गोळी हो, शेजारच्या वासिलिकाचा दम हिच्याने गेला," असं म्हटलं की बाई जन्मात विसरत नाही. निदान मला तसं वाटायचं. नावाला गोष्ट जोडली की ते नाव म्हाताऱ्या डोक्यातही टिकतं का? हाच माझा प्रबंध.

त्यासाठी हवी होती बारा खोटी माणसं. रोमानियातल्या आमच्या याश शहरात दर चौथी बाई मारिया नाहीतर एलेना, त्यामुळे नावं शोधून शोधून दुर्मीळ काढली, म्हणजे कुणाच्या ओळखीतलं नाव निघायला नको. झेनोव्हिया: गुडघा गेलाय, जिना चढवत नाही. सोफ्रोनिए: कारखाना बंद पडला, काम शोधतोय. आगापिया: मुलगी इटलीत, सणालासुद्धा फोन करत नाही. तारासिए: दारू सुटत नाही. अशी अकरा झाली. बाराव्या नावापाशी मला काही सुचेना. तिसऱ्या रविवारची संध्याकाळ होती, डोळे मिटत होते. मी लिहिलं: कासियाना. सकाळी नोकरी, दुपारी शिक्षण, वर्षभरात एकदाही पुरती झोप झालेली नाही. आणि वही मिटली.

प्रयोगासाठी मी माझ्या चर्चमध्ये गेले नाही. तिथे सगळ्या मला ओळखतात. ओळखीमुळे निकाल बिघडतो. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका चर्चचे फादर यूस्टिन यांनी त्यांची बाजूची खोली दिली. बत्तीस बायका आल्या, सगळ्या पासष्टच्या पुढच्या. सोळा जणींना मी एकेक करून नाव आणि त्या माणसाची दोन वाक्यांची हकीकत सांगितली. दुसऱ्या सोळा जणींना नुसतं नाव, दोनदा. त्याच दिवशी विचारलं, दुसऱ्या दिवशी विचारलं आणि आठवड्याने विचारलं. आठवड्यात घरी नावांची उजळणी करायची नाही, असं आधी बजावलं होतं. शेवटी कागदावर प्रश्नही होता: "या आठवड्यात तुम्ही यादीची उजळणी केलीत का?" बत्तीसही जणींनी "नाही" वर खूण केली. ही माणसं खोटी आहेत हे मात्र मी सांगितलं नव्हतं. ते सगळं आटोपल्यावर सांगायचं असतं, तसा नियमच आहे. आणि मी ते फेब्रुवारीवर ढकललं होतं.

निकाल आला तेव्हा डिसेंबर अर्धा झाला होता. नुसती नावं ऐकलेल्या बायकांना आठवड्याने बारापैकी तीन-चार नावं आठवत होती. गोष्ट ऐकलेल्यांना अकरा.

कोर्नेल सरांनी पडद्यावरचा आलेख पाहिला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"डोराबाई, या म्हाताऱ्या आहेत की देवदूत? माझ्या बावीस वर्षांच्या पोरांना आठवड्याने सहा नावं आठवत नाहीत."

"मलाही नवल वाटलं, सर."

"आणि हे बघा, मधली नावं बुडाली नाहीत. यादीतली पहिली नि शेवटची आठवतात, मधली बुडतात; हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. इथे तर सगळ्या ओळीने, वरून खाली." मग म्हणाले, "गोष्टीत ताकद असते म्हणायची. लिहून काढा. चौदा फेब्रुवारीला द्या. डॉक्टरेटची एक जागा आहे, मार्चमध्ये भरायची. मी तुमचं नाव मनात धरलंय."

डॉक्टरेटची जागा म्हणजे दरमहा विद्यावेतन. विद्यावेतन म्हणजे दुकान सुटणार. दुकान सुटणार म्हणजे सकाळी साडेचारला उठून स्तोत्रं म्हटल्यावर मला पुन्हा तासभर आडवं होता येणार. लोक डॉक्टरेट कशासाठी करतात मला माहीत नाही. मला तो एक तास हवा होता.

सिंझियानाचाही प्रबंध तयार होत आला होता. ट्रॅमचे चालक लाल दिव्याकडे किती वेळ बघतात, असा काहीसा विषय. ती त्या दिवशी माझ्यासाठी यंत्रातली कॉफी घेऊन आली. त्यात दूध होतं आणि ख्रिस्तजन्माआधीचे उपास चालू होते, म्हणून मी कप नुसता हात शेकायला धरून बसले.

"ताई, जागा तुझीच," ती म्हणाली. "माझ्या ट्रॅमवाल्यांना कोण विचारतंय!"

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात एका बुधवारी मी फादर यूस्टिन यांच्या खोलीची किल्ली परत द्यायला गेले. रस्त्यावर बर्फाचा चिखल झाला होता, बुटात पाणी शिरलं होतं. संध्याकाळचे सहा वाजले होते आणि बुधवारची प्रार्थना सुरू होती. बुधवारी आमच्याकडे लोक चिठ्ठ्या देतात. कागदावर नाव लिहायचं, पुढे गाऱ्हाणं लिहायचं. फादर वेदीसमोर उभे राहून एकेक मोठ्याने वाचतात. जिवंतांचा कागद वेगळा, गेलेल्यांचा वेगळा. मी मेणबत्ती लावली आणि मागे खांबाशी उभी राहिले. किल्ली नंतरही देता येईल.

फादर भराभर वाचत होते, जसं सगळेच फादर वाचतात. "मारिया, ऑपरेशनसाठी. योआन, परीक्षेसाठी. एलेना, एलेना, मारिया, घरात शांती नांदावी म्हणून." माझं अर्धं लक्ष ओल्या पायांकडे होतं.

"झेनोव्हिया, गुडघ्यासाठी. सोफ्रोनिए, काम मिळावं म्हणून. आगापिया, मुलीने फोन करावा म्हणून. तारासिए, दारू सुटावी म्हणून..."

मी खांबाला हात लावला. माझी यादी. माझ्याच क्रमाने, वरून खाली. एकही मधलं नाव बुडालेलं नाही.

"...कासियाना, बिचारीला झोप लागावी म्हणून."

आणि सगळ्या चर्चने म्हटलं, "प्रभू, दया कर."

मग पुढचा कागद. पुन्हा झेनोव्हिया, पुन्हा गुडघा. मग आणखी एक. पाच चिठ्ठ्या मी मोजल्या. पाच वेळा माझ्यासाठी झोप मागितली गेली आणि मी तिथे उभी होते, डोळे टक्क उघडे.

प्रार्थना संपल्यावर दाराशी प्रोफिरा मावशी भेटल्या. माझ्या प्रयोगात त्यांचा सातवा नंबर होता. बुटक्या, गोल, डोक्याला काळा रुमाल, हातात पिशवी.

"अगंबाई, आमची मास्तरीण!" त्यांनी माझा गालगुच्चा घेतला. "काय ग पोरी, किती वाळलीस! जेवतेस की नाही? बरं, ते सांग आधी, झेनोव्हियाचा गुडघा कसा आहे?"

"मावशी, तुम्ही ती नावं चिठ्ठीवर लिहिलीत?"

"मग? तू एवढी बारा माणसांची दुःखं सांगितलीस, ती काय ऐकून सोडून द्यायची? त्याच दिवशी घरी जाऊन लिहिली. विसरले असते ना! आठवत नव्हती ती अग्लायाला विचारली, तिला आठवत होती."

"आणि रोज..."

"रोज सकाळ-संध्याकाळ. देवाच्या तसबिरीपुढे. बुधवारी इथे."

"पण मावशी, मी विचारलं होतं की तुम्ही उजळणी केलीत का. तुम्ही नाही म्हणालात."

त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या, जणू मीच म्हातारी झाले होते.

"उजळणी शाळेतली पोरं करतात. मी कशाला उजळणी करू? मी प्रार्थना केली."

मी किल्ली मेणबत्त्या विकणाऱ्या बाईकडे दिली आणि ट्रॅम पकडली. माणसं खोटी आहेत हे मी मावशींना सांगितलं नाही.

सगळ्यात लाजिरवाणं हे की मला हे कळायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला नाही कळलं तरी चालेल. कोर्नेल सर फक्त लग्नाला आणि मयतीला चर्चमध्ये जातात. पण मी? माझ्या पर्समध्ये मी स्वतः अशीच चिठ्ठी घेऊन फिरते. आमच्याकडे कुठल्याही बाईला कुणाचं दुखणं सांगितलं तर ती आधी विचारते, बाप्तिस्म्याचं नाव काय. हे मी आईच्या दुधाबरोबर प्याले होते, आणि विद्यापीठाच्या दारातून आत जाताना बाहेर ठेवून गेले होते. छत्री ठेवतात तशी.

दुसऱ्या दिवशी मी ते सिंझियानाला सांगितलं. ती आधी इतकी हसली की तिला ठसका लागला. मग माझा चेहरा बघून थांबली.

"थांब ताई. कागदावर काय आहे? 'नाही.' बत्तीसही जणी 'नाही.' मग? तू काय गुप्त पोलीस आहेस?"

"पण मला माहीत आहे."

"तुला माहीत आहे कारण तू चर्चमध्ये गेलीस! मी गेले असते का? सर गेले असते? जगातला कुठला परीक्षक बुधवारी तिथे जाऊन उभा राहणार आहे?" ती खुर्ची ओढून जवळ आली. "ताई, तू आरशात बघितलंस का स्वतःला? तू काल संगणकापुढे बसल्या बसल्या झोपलीस. तुझ्या कपाळावर कळफलकाची नक्षी उमटली होती. जागा घे आणि झोप. देव रागवायचा नाही."

ती हे मनापासून बोलत होती. जागा मला नाही मिळाली तर तिला मिळणार होती, हे तिलाही ठाऊक होतं, आणि तरी बोलत होती. मी म्हटलं, बघते.

चार दिवस मी बघितलंच. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण उघडं ठेवून बसायची. त्यात एक वाक्य होतं: "मधल्या काळात सहभागी व्यक्तींनी नावांची उजळणी केली नाही." ते मी खोडलं नाही आणि त्याच्यापुढे लिहिलंही नाही. सकाळी स्तोत्रं म्हणताना ओळ चुकायची. थकव्याने चुकते म्हणायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं.

सोमवारी दुकानात हारालांब काका आले. ऐंशीचे, ताठ, कोटाला सगळी बटणं लावलेली. नोव्हेंबरपासून मी त्यांच्यावर माझी युक्ती चालवत होते. त्यांच्या दोन गोळ्या: पांढरी सकाळी, पिवळी रात्री. मागच्या आठवड्यात मात्र पहिल्यांदाच डब्यावर काही न लिहिता मी त्यांना नुसती गोष्ट सांगितली होती. पांढरी म्हणजे दूधवाली, पहाटे येते. पिवळी म्हणजे चांदणी, रात्री उगवते. माझ्या प्रबंधाच्या शेवटी मी हेच सुचवणार होते, की दवाखान्यांनी म्हाताऱ्यांना औषधं अशीच समजावून द्यावीत.

"कसं काय काका, जमलं ना गोळ्यांचं?"

"पोरी, गोष्ट फार सुरेख होती," काका म्हणाले. "दूधवाली येते नि चांदणी उगवते. नातीलाही सांगितली मी. फक्त कुठली गोळी दूधवाली, तेवढं विसरलो."

"मग काय केलंत?"

"दोन्ही सकाळी घेतल्या. दिवसभर घोरत पडलो. बायको म्हणाली, मेला की काय!"

ते हसले, मागच्या रांगेतली बाईही हसली. काकांना काही झालं नव्हतं. मी पेन घेतलं आणि दोन्ही डब्यांवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: सकाळ. रात्र. काकांजवळ गोष्ट होती, माझी चांगली रंगवलेली गोष्ट. फक्त तिच्यासाठी ते रोज सकाळ-संध्याकाळ हात जोडून उभे राहत नव्हते.

दुपारी मी कोर्नेल सरांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. खिडकीत त्यांची एक सुकलेली तुळस होती, ऐकताना ते तिची पानं खुडत राहिले.

"म्हणजे मधली नावं बुडाली नाहीत ती यामुळे," ते शेवटी म्हणाले.

"हो सर. कागदावरून वाचत होत्या."

"दिवसातून दोनदा, आठवडाभर. चौदा वेळा. असं असेल तर माझ्या मांजरालाही बारा नावं पाठ होतील." त्यांनी सुस्कारा सोडला. "किती जणींनी केलं?"

"मी फोन करून विचारलं. गोष्टीवाल्या सोळांपैकी तेरा जणींनी. नुसत्या नाववाल्यांपैकी एकीने."

"नुसत्या नावांसाठी? काय मागितलं तिने?"

"ती म्हणाली, देवाला माहीत आहे त्यांना काय हवंय."

सर हसले नाहीत. "डोराबाई, मी तुम्हाला दोन गोष्टी सांगतो. एक, हे तुम्ही सांगितलं नसतंत तर मला कधीच कळलं नसतं. दोन, आता सांगितलंय, तर मला ते कळलेलं आहे." त्यांनी तुळशीची पानं कचऱ्याच्या टोपलीत टाकली. "हा प्रबंध फेब्रुवारीत जाणार नाही. नव्या बायका, नवी यादी, सप्टेंबर. आणि मार्चची जागा सप्टेंबरपर्यंत थांबत नाही. सिंझियानाचं काम तयार आहे."

"तिचं काम चांगलं आहे, सर."

"माहीत आहे चांगलं आहे. तुम्ही मला हे सोपं करून देऊ नका." मग जरा वेळाने, "आणि त्या बायकांना सांगून टाका, ती माणसं खोटी आहेत म्हणून. हे तुम्ही आधीच करायला हवं होतं."

"हो सर."

"बसा थोडा वेळ."

मी बसले नाही. बसले असते तर उठले नसते.

शनिवारी फादर यूस्टिन यांच्या खोलीत बायका जमल्या. बत्तीसमधल्या सत्तावीस आल्या. कुणी सफरचंदाचे वडे आणले होते, कुणी वाटलेल्या घेवड्यावर तळलेला कांदा घालून आणला होता. म्हाताऱ्यांची बैठक असली की आमच्याकडे रिकाम्या हाताने कुणी येत नाही. मी उभी राहिले आणि सांगितलं. नावं मी बनवली, दुखणी मी बनवली. झेनोव्हिया नाही, सोफ्रोनिए नाही, कुणीच नाही. अभ्यासासाठी केलं, पण तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. चुकले, क्षमा करा.

खोलीत कुणी वड्याला हात लावेना.

"म्हणजे तारासिए पीत नाही?" कुणीतरी विचारलं.

"तारासिए नाहीच, मावशी."

"मी त्याच्यासाठी दोन महिने सोमवारचा उपास धरला," ती बाई म्हणाली. "गुडघे दुखेपर्यंत नमस्कार घातले. आणि तो नाहीच?"

अग्लाया मावशी, उंच, हाडकुळ्या, सगळ्यांत कडक, त्या खुर्चीतून उठल्या. "लाज नाही वाटत? आमच्यासारख्यांना फसवून तुला पदवी मिळणार!"

"नाही मिळणार, मावशी," मी म्हटलं. "या वेळी तरी नाही. प्रबंध बाद झाला."

"का?"

"तुम्ही प्रार्थना केलीत म्हणून." आणि मग, बोलणं उफराटं निघालं हे लक्षात येऊन, मी घाईने म्हटलं, "तुमची चूक नाही. माझी आहे. मी विचारायला हवं होतं."

अग्लाया मावशी उभ्याच राहिल्या. काय करावं ते त्यांना सुचेना. रागावलेलं माणूस मध्येच अडकलं की कसं दिसतं, तशा.

फादर यूस्टिन दाराशी टेकून ऐकत होते. त्यांनी दाढी खाजवली. "मिनोडोरा, मला एक अडचण आहे. मी दहा आठवडे यांना जिवंतांच्या कागदावरून वाचतोय. आता कळलं की जिवंत नाहीत. मेलेलेही नाहीत. तिसरा कागद माझ्याकडे नाही."

कुणीतरी फिसकन हसलं, मग दोघी-तिघी हसल्या. अग्लाया मावशी खाली बसल्या. "फादर, तुम्हीपण काय," त्या पुटपुटल्या, आणि पहिला वडा त्यांनीच उचलला.

प्रोफिरा मावशी मात्र हसल्या नव्हत्या. त्यांनी पिशवीतून आपला कागद काढला होता. घडीच्या रेघांवर मऊ पडलेला, मेणाचे डाग पडलेला. तो गुडघ्यावर पसरून त्या बोटाने एकेक नाव चाचपत होत्या.

"सगळीच्या सगळी खोटी?" त्यांनी विचारलं. "एकही खरं नाही? माणसाला बारा दुःखं अशी हवेतून सुचत नसतात ग पोरी."

मी म्हटलं, "शेवटचं सुचलं नव्हतं, मावशी."

त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला. "कासियाना. सकाळी नोकरी, दुपारी शिक्षण, झोप नाही." मग कागदावरून माझ्याकडे बघितलं, माझ्या चेहऱ्याकडे, माझ्या ओल्या बुटांकडे. "तिचं खरं नाव काय?"

"मिनोडोरा."

त्यांनी पेन मागितलं. अकरा नावांवर एकेक रेघ मारली, सावकाश, प्रत्येक नावाआधी क्रूसाची खूण करून, निरोप द्यावा तशी. बाराव्यावर रेघ मारून त्याच्यापुढे माझं नाव लिहिलं. गाऱ्हाणं तेच राहिलं. मग कागद अग्लाया मावशींपुढे सरकवला. "घे, तुझाही दुरुस्त कर." अग्लाया मावशींनी माझ्याकडे न बघता कागद घेतला.

सप्टेंबरसाठी मी नवी यादी केली. या वेळी कथा नाहीत, दुखणी नाहीत. हकिकतीच्या जागी त्या माणसाच्या टोपीचा रंग आणि घराचा नंबर. बायका मी तिसऱ्याच चर्चमधल्या घेतल्या. शेवटच्या कागदावर एक प्रश्न वाढवला: "या आठवड्यात तुम्ही यांच्यापैकी कुणासाठी प्रार्थना केलीत का?" कोर्नेल सरांनी तो वाचला, पेन्सिल उचलली, आणि काही न लिहिता परत ठेवली. पहिल्याच बाईने मला विचारलं, हिरव्या टोपीवाल्याला झालंय काय?

सिंझियाना जागेवर रुजू झाली. पहिल्या दिवशी ती माझ्या टेबलावर एक कप ठेवून गेली, बिनदुधाचा. आता ती माझे बुधवार-शुक्रवारचे उपास लक्षात ठेवते. मी अजून सकाळी दुकानात असते. हारालांब काकांच्या डब्यांवर दर महिन्याला सकाळ आणि रात्र लिहिते.

पण हे पुढचं. त्या शनिवारनंतरच्या बुधवारी मी पुन्हा त्या चर्चमध्ये गेले. दुकानात सकाळपासून उभी होते, दुपारी तीन तास सरांबरोबर जुने आकडे पुसत बसले होते. भिंतीला लागून म्हाताऱ्यांसाठी लाकडी खुर्च्या आहेत, उंच हातांच्या, टेकून उभं राहण्यासारख्या. प्रोफिरा मावशींनी मला दंडाला धरून त्यातल्या एकीत टेकवलं. फादरांनी चिठ्ठ्या हातात घेतल्या. मारिया, ऑपरेशनसाठी. योआन, परीक्षा झाली, आभार. मेणबत्त्यांची ऊब तोंडावर येत होती. एलेना, एलेना, मारिया.

माझं नाव त्या संध्याकाळी तेरा वेळा वाचलं गेलं, असं अग्लाया मावशींनी नंतर सांगितलं. त्यांनी मोजलं होतं. मी एकदाही ऐकलं नाही. लोकं निघून गेल्यावर त्यांनी मला हलवून उठवलं. कुणाची तरी शाल माझ्या अंगावर होती.